प्रबंध छापायला देण्याआधी

प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली की मराठीतून लिहिणारे विद्यार्थी तेच ते प्रश्न विचारतात. शुद्धलेखनाचे सगळे नियम पाठ असावे लागतात का? टंकलेखकाने केलेल्या चुका माझ्या नावावर धरतात का? ऱ्हस्व-दीर्घावरून परीक्षक प्रबंध अडवू शकतात का?

थोडक्यात उत्तरे अशी. नियम पाठ असण्याची गरज नाही. टंकलेखकाच्या चुका तुमच्याच धरल्या जातात, कारण मुखपृष्ठावर नाव तुमचे असते. केवळ वेलांट्यांसाठी कोणी प्रबंध नाकारत नाही. पण परीक्षक अहवालात ‘भाषिक दुरुस्त्या आवश्यक’ असे लिहितात आणि त्या दुरुस्त्या करण्यात पुढचे महिने जातात. शिवाय पहिल्या दहा पानांत ‘पध्दती’, ‘उद्दिष्ठ’ आणि ‘परीणाम’ भेटले की वाचणाऱ्याचा तुमच्या आकडेवारीवरचा विश्वासही डळमळतो. हे न्याय्य नसेल, पण असेच घडते.

हा लेख एम. ए., एम. एड.चे लघुप्रबंध आणि पीएच. डी.चे प्रबंध मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी आहे. एका प्रबंधात शेकडो चुका असल्या तरी त्यांचे प्रकार दहा-पंधराच असतात. ते प्रकार ओळखले की काम आवाक्यात येते.

आधी ठरवा: कोणते नियम, कोणता कोश

मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. आज प्रमाणलेखन म्हणून जे मानले जाते ते हेच १८ नियम. त्यांच्यावर वाद आहेत, काही अभ्यासक ते मोडून काढावेत असेही म्हणतात. पण प्रबंध ही त्या वादाची जागा नव्हे. तुमचा विषयच लेखननियमांची चिकित्सा हा असेल तर गोष्ट वेगळी.

नियमांपेक्षा कोश अधिक उपयोगी पडतो. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ किंवा यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ यांपैकी एक टेबलावर ठेवा. नियम समजून घ्यायचे असतील तर मो. रा. वाळंबे यांचे ‘मराठी शुद्धलेखन प्रदीप’ पुरेसे आहे. काही शब्दांबाबत कोशांत मतभेद दिसतील. अशा वेळी दोन्हींतले सोयीचे रूप न उचलता एकच कोश शेवटपर्यंत पाळा. पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश पाहा. तिथला शब्द पटला नाही तर दुसरा वापरा, पण पहिल्या प्रकरणात ‘चल’ आणि चौथ्यात ‘परिवर्तक’ असे होऊ देऊ नका.

मग एका कागदावर तुमचे निर्णय लिहून काढा. याला निर्णयपत्र म्हणू. त्यात किमान एवढे असावे:

- अंक देवनागरी की आंतरराष्ट्रीय, आणि तक्त्यांतही तेच का
- ‘पाश्चात्त्य’ की ‘पाश्चात्य’, ‘उपर्युक्त’ की ‘उपरोक्त’ अशा दुहेरी रूपांपैकी कोणते
- स्वतःचा उल्लेख ‘मी’, ‘आम्ही’ की ‘प्रस्तुत संशोधक’
- व्यक्तींचा उल्लेख कसा: ‘केळकर म्हणतात’, ‘केळकर यांनी म्हटले आहे’, की पूर्ण नाव
- वारंवार येणाऱ्या वीस-पंचवीस पारिभाषिक शब्दांची नक्की रूपे
- इंग्रजीतून आलेल्या शब्दांचे लेखन

‘असं केलं’ की ‘असे केले’ हा निर्णय मात्र तुमच्या हाती नाही. प्रबंधाच्या निवेदनात ‘असे केले’ हेच चालते. ‘असं’ची जागा मुलाखतीतल्या माणसाच्या तोंडी. तिथे ते जरूर ठेवा, बदलू नका.

ऱ्हस्व-दीर्घ: सगळा गोंधळ तत्सम शब्दांचा

संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आणि मराठीत घडलेला शब्द यांना वेगवेगळे नियम आहेत, म्हणून विद्यार्थी गोंधळतो. मराठी शब्दात शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ: गरीब, वकील, फूल. तत्सम शब्द मुळाबरहुकूम: गुण, मंदिर, सामाजिक. शब्द तत्सम आहे हे ओळखायचे कसे? कोशात पाहणे हा खात्रीचा मार्ग. पण प्रबंधात येणाऱ्या बहुतेक शब्दांसाठी शेवट ओळखला तरी भागते:

- ‘-इक’ ऱ्हस्व: आर्थिक, ऐतिहासिक, शैक्षणिक, भाषिक
- ‘-इत’ ऱ्हस्व: आधारित, संबंधित, लिखित, अपेक्षित. अपवाद लक्षात ठेवा: गृहीत, प्रतीत, अतीत, विपरीत
- ‘-ईय’ दीर्घ: भारतीय, केंद्रीय, संसदीय
- ‘-ईन’ दीर्घ: प्राचीन, समकालीन, तत्कालीन
- ‘-ईकरण’ दीर्घ: वर्गीकरण, जागतिकीकरण, सक्षमीकरण, नागरीकरण

म्हणजे संशोधनातला लाडका शब्द ‘गृहीतक’ असा लिहायचा, ‘गृहितक’ असा नव्हे. ही एक दुरुस्ती केली तरी कित्येक प्रबंधांचे पहिले प्रकरण सुधारेल.

‘परि’ या उपसर्गाचा घोळही असाच. परिणाम, परिस्थिती, परिच्छेद, परिशिष्ट, परिवर्तन यांत ‘रि’ ऱ्हस्व. परीक्षा आणि परीक्षण यांत दीर्घ, कारण तिथे ‘परि’ला पुढचा ‘ई’ येऊन मिळाला आहे. निरीक्षण आणि समीक्षा यांतही तोच ‘ई’ आहे.

आता सर्वांत दुर्लक्षित प्रकार: समास. कवी, दृष्टी, पद्धती, वस्तू, हेतू हे शब्द एकटे असताना शेवट दीर्घ. पण ते संस्कृतात मुळात ऱ्हस्वान्त असल्याने समासात पहिले आले की पुन्हा ऱ्हस्व होतात. म्हणून:

- दृष्टी, पण दृष्टिकोन
- वस्तू, पण वस्तुनिष्ठ, वस्तुस्थिती
- पद्धती, पण पद्धतिशास्त्र
- कृती, पण कृतिसंशोधन
- व्यक्ती, पण व्यक्तिचित्रण, व्यक्तिमत्त्व
- संस्कृती, पण संस्कृतिकोश
- विद्यार्थी, पण विद्यार्थिसंख्या, विद्यार्थिकेंद्रित

‘संशोधनपद्धती’त मात्र ‘पद्धती’ शेवटी आहे, म्हणून दीर्घ. आणि जो शब्द मुळातच दीर्घान्त आहे तो समासातही दीर्घच राहतो: स्त्रीवाद, स्त्रीशिक्षण, नदीकाठ. ‘परंतु’ आणि ‘तथापि’ ही अव्यये ऱ्हस्वान्तच, ‘इत्यादी’ मात्र दीर्घान्त.

सामान्यरूपात मराठी शब्दातला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो: वकील-वकिलांनी, फूल-फुलांचा, मूल-मुलांना, कोल्हापूर-कोल्हापुरातील. तत्सम शब्दाला हा बदल लागत नाही: स्वरूप-स्वरूपात, गीत-गीतांमधून, शरीर-शरीराला. ‘स्वरुपात’ हे रूप इतके रुळले आहे की बरोबर लिहिलेले डोळ्यांना खटकते. खटकले तरी बरोबर तेच.

जोडाक्षरे: शोधा आणि बदला

हा भाग सर्वांत सोपा, कारण इथे संगणकाचा ‘शोधा-बदला’ हा आदेश उपयोगी पडतो. पुढची रूपे तुमच्या फाइलमध्ये एकेक करून शोधा:

- ‘ध्द’ शोधा. बहुधा तिथे ‘द्ध’ हवे असेल: पद्धत, शुद्ध, सिद्ध, प्रसिद्ध, विरुद्ध. आधी द, मग ध.
- ‘महत्व’, ‘तत्व’, ‘व्यक्तिमत्व’ शोधा. महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व यांत दोन त आहेत, कारण मूळ शब्द त् ने संपतो आणि पुढे ‘त्व’ येतो. नेतृत्व, अस्तित्व, प्रभुत्व, कर्तृत्व यांत एकच.
- ‘स्त्रोत’ शोधा. ‘स्रोत’ हवे. ‘सहस्त्र’ही चूक, ‘सहस्र’ बरोबर. ‘स्त्री’मध्ये मात्र त आहेच.
- ‘तज्ञ’ नव्हे, ‘तज्ज्ञ’. ‘उज्वल’ नव्हे, ‘उज्ज्वल’.
- ‘पारंपारिक’ नव्हे, ‘पारंपरिक’. ‘आंतराष्ट्रीय’ नव्हे, ‘आंतरराष्ट्रीय’.
- उद्दिष्ट, विशिष्ट, परिशिष्ट, समाविष्ट यांत ट. कनिष्ठ, ज्येष्ठ, प्रतिष्ठा, वस्तुनिष्ठ यांत ठ.
- विश्लेषण, निष्कर्ष, शीर्षक, आविष्कार यांतले श आणि ष एकदा नीट पाहून घ्या.

‘सगळे एकदम बदला’ हे बटण दाबू नका. ‘तत्व’ सरसकट बदलले तर आधीच बरोबर लिहिलेले शब्दही बिघडू शकतात. एकेक ठिकाण पाहत पुढे जा.

‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतला फरक उच्चारात आहे. ‘शेतकऱ्यांनी’, ‘अधिकाऱ्यांचे’, ‘दुसऱ्या’ म्हणताना मागच्या अक्षरावर जोर येत नाही. ‘कार्याचे’, ‘सूर्याला’ म्हणताना येतो. आचार्यांनी ग्रंथ लिहिले आणि आचाऱ्यांनी स्वयंपाक केला. तत्त्वज्ञानावरच्या प्रबंधात शंकराचार्य स्वयंपाकघरात शिरू नयेत, एवढी काळजी घ्या.

अनुस्वार आणि शब्दांची तोड-जोड

कांही, नांव, पांच अशा शब्दांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ मध्येच गेले. आज उलट चूक अधिक होते: हवा तिथला अनुस्वार गाळला जातो. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार लागतोच. ‘शाळेतील शिक्षकाच्या अडचणी’ म्हणजे एका शिक्षकाच्या, ‘शिक्षकांच्या’ म्हणजे अनेकांच्या. नमुना निवडीच्या प्रकरणात या एका टिंबाने अर्थ बदलतो. आदरार्थीही तसेच: ‘राज्यपालांनी’, ‘लेखिकेने’ किंवा ‘लेखिकांनी’, जे अभिप्रेत असेल ते.

शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहायची: अभ्यासासाठी, त्यानुसार, विद्यार्थ्यांमध्ये, शिक्षकांनासुद्धा. ‘अभ्यासा साठी’ असे तुटक लेखन मोबाइलवर टंकलेखन करणाऱ्यांत फार दिसते. याउलट ‘त्यांच्या मते’ मधले ‘मते’ वेगळे, कारण ते नाम आहे. ‘लोकसाहित्य’, ‘आत्मचरित्र’ एकत्र. ‘ग्रामीण साहित्य’, ‘दलित साहित्य’ सुटे, कारण तिथे विशेषण आणि नाम आहे.

वाक्ये: इथे कोश कामाला येत नाही

शुद्धलेखन बिनचूक असलेला प्रबंधही वाचवत नाही, असे घडते. कारण वाक्यरचनेत असते. चार गोष्टी तपासा.

पहिली, काळ. नोंदणीच्या वेळी दिलेल्या संशोधन आराखड्यात ‘अभ्यास केला जाईल’, ‘मुलाखती घेण्यात येतील’ असे लिहिलेले असते आणि ते बरोबरच असते. तो मजकूर पहिल्या प्रकरणात जसाच्या तसा डकवला जातो. मग पाच वर्षांनी पूर्ण झालेल्या प्रबंधात संशोधक अजून मुलाखती घेणारच असतो. फाइलमध्ये ‘येईल’, ‘येतील’, ‘जाईल’, ‘जातील’ हे शब्द शोधा. केलेल्या कामासाठी भूतकाळ वापरा. कथा-कादंबरीच्या आशयाबद्दल बोलताना वर्तमानकाळ बरा: ‘नायिका गाव सोडते’, ‘लेखक इथे निवेदकाचा आवाज बदलतो’.

दुसरी, ‘करण्यात आलेले आहे’ची रांग. हे वाक्य पाहा: ‘प्रस्तुत संशोधनामध्ये संशोधकाद्वारे ग्रामीण भागातील शेतकऱ्यांच्या समस्यांचा अभ्यास करण्यात आलेला असून ज्यामध्ये सिंचन, कर्ज व बाजारपेठ यांचा समावेश करण्यात आलेला आहे.’ सरळ वाक्य असे: ‘या संशोधनात ग्रामीण शेतकऱ्यांच्या सिंचन, कर्ज आणि बाजारपेठ या तीन समस्यांचा अभ्यास केला आहे.’ शब्द एकतृतीयांशाने कमी झाले आणि काहीही हरवले नाही. ‘द्वारे’ आणि ‘ज्यामध्ये’ हे शब्द दिसले की थांबा. बहुतेक वेळा त्यांच्याविना वाक्य अधिक मराठी होते.

तिसरी, क्रियापदाचा मेळ. ‘विद्यार्थ्यांची वाचनाची सवय, आवड आणि दृष्टिकोन बदलली’ हे चूक, आणि ‘बदलला’ केले तरी कानाला खटकते. वेगवेगळ्या लिंगांची नामे एकत्र आली की ‘यांत’ वापरून वाक्य मोडा: ‘विद्यार्थ्यांची सवय, आवड आणि दृष्टिकोन यांत बदल झाला.’

चौथी, स्वतःचा उल्लेख. ‘प्रस्तुत संशोधकास असे वाटते’ यापेक्षा ‘माझ्या मते’ स्वच्छ आहे, असे मला वाटते. पण काही मार्गदर्शकांना ‘मी’ चालत नाही. हा वाद शेवटच्या आठवड्यात घालू नका, पहिल्या प्रकरणाच्या वेळीच विचारून घ्या.

उतारे मुळाप्रमाणे

उतारा म्हणजे दुसऱ्याचे लेखन, त्यावर तुमचे शुद्धलेखन लादायचे नसते. महामंडळाच्या नियमांतही याची तरतूद आहे: केशवसुतपूर्व काळातले पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्व काळातले गद्य छापताना मुळानुसार छापावे, त्यानंतरचे प्रचलित नियमांनुसार. ही सोय सर्वसाधारण छपाईसाठी आहे. संशोधकाने मात्र नंतरच्या काळातला उताराही शक्यतो हाताशी असलेल्या आवृत्तीबरहुकूम द्यावा आणि मुळातले रूप खटकणारे असेल तर कंसात ‘मुळाप्रमाणे’ असे लिहावे.

ग्रंथनामांचेही तसेच. जोतीराव फुल्यांचा ग्रंथ ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि ‘शेतकऱ्याचा आसूड’ अशा दोन्ही रूपांत आढळतो. तुम्ही वापरलेल्या प्रतीच्या शीर्षकपृष्ठावर जे असेल ते लिहा आणि संदर्भसूचीतही तेच ठेवा. ‘स्मृतिचित्रे’तली ‘ति’ ऱ्हस्व आहे, हेही जाता जाता.

अवतरणचिन्हांबाबत हयगय करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य निघाले तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर प्रत सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणी रद्द होते. योग्य संदर्भासह दिलेले उतारे या मोजणीतून वगळायचे असतात. पण अवतरणचिन्हच नसेल तर उतारा कुठे सुरू झाला हे यंत्रालाही कळत नाही आणि परीक्षकालाही. साम्य लपवण्यासाठी मुद्दाम शब्दांची रूपे बिघडवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. परीक्षकाला दोन्ही गुन्हे दिसतात.

टंकलेखन आणि फॉन्ट

अनेक चुका लेखकाच्या नसतात, फाइलच्या असतात. पूर्वी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांमध्ये काम होई आणि काही टंकलेखन केंद्रांत आजही होते. तो मजकूर यूनिकोडमध्ये बदलताना रफार दुसऱ्याच अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी सरकते, ‘क्ष’ आणि ‘ष्ट’ फुटतात. शक्य असेल तर पहिल्या दिवसापासून यूनिकोडमध्येच लिहा. ते नाही जमले तर रूपांतरानंतर संपूर्ण मजकूर पुन्हा वाचण्यासाठी वेळ राखून ठेवा. शिवाय एवढे पाहा:

- विसर्गाच्या जागी दोन टिंबांचे विरामचिन्ह टंकले जाते. कागदावर ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘निःसंशय’ ठीक दिसतात, पण शोध घेतला तर सापडत नाहीत. फाइलमध्ये विरामचिन्ह शोधून ती ठिकाणे बदला.
- ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांची अक्षरे मराठीच्या शासनमान्य वर्णमालेत आहेत. ‘अ’वर नुसता चंद्र काढून काम भागवू नका, काही यंत्रांवर तो उडून जातो.
- रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी साधने स्वतःच शब्द सुचवतात. ती सूचना बघितल्याशिवाय स्वीकारली की ‘दिन’चे ‘दीन’ आणि ‘सुत’चे ‘सूत’ होते.
- पूर्णविराम आणि स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडू नका, नंतर सोडा.
- पीडीएफ काढल्यावर जोडाक्षरांसाठी किमान वीस पाने डोळ्यांखालून घाला.

टंकलेखकाला काम देत असाल तर हस्तलिखितासोबत निर्णयपत्राची प्रतही द्या. दुरुस्त्या तोंडी सांगू नका, कागदावर समासात खुणा करून द्या आणि दुरुस्त झालेली प्रत त्या कागदाशी ताडून पाहा. एक दुरुस्ती करताना शेजारची ओळ बिघडणे हे नेहमीचे आहे.

तपासणी फेऱ्यांनी करा

सगळ्या चुका एकाच वाचनात पकडायला गेलात तर निम्म्या निसटतात. पहिल्या फेरीत फक्त वाक्ये पाहा, मोठ्याने वाचून. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. दुसऱ्या फेरीत शोधा-बदला, वरच्या यादीसह आणि तुमच्या स्वतःच्या नेहमीच्या चुकांसह. ही दुसरी यादी तुम्हालाच करावी लागेल: मार्गदर्शकांनी पहिल्या दोन प्रकरणांवर केलेल्या लाल खुणा प्रकारांनुसार लिहून काढल्या की ती तयार होते. तिसऱ्या फेरीत नावे, सनावळ्या, तक्ते, तळटीपा आणि संदर्भसूची. चौथी फेरी छापील कागदावर, आणि मध्ये काही दिवस जाऊ देऊन. शीर्षके आणि अनुक्रमणिका शेवटी पुन्हा पाहा. तिथली चूक सर्वांना दिसते आणि लिहिणाऱ्यालाच दिसत नाही.

मदत कुठपर्यंत घ्यावी

मुद्रितशोधकाकडून शब्दलेखन, विरामचिन्हे आणि वाक्यातला मेळ तपासून घेणे यात गैर काही नाही. ऋणनिर्देशात त्यांचे नाव द्या. पण मुद्दा नव्याने मांडणे, परिच्छेद लिहून देणे, निष्कर्ष ‘सुधारणे’ हे मुद्रितशोधन नव्हे. तिथे काम तुमचे राहत नाही. व्यवहार ठरवताना काय तपासायचे आणि काय नाही हे लेखी ठरवा, आणि बदल दिसतील अशा पद्धतीने फाइल मागा. प्रत्येक बदल तुम्ही वाचून स्वीकारला पाहिजे. तोंडी परीक्षेत ‘हे वाक्य असे का?’ असे विचारल्यावर मुद्रितशोधक तिथे नसतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल माझे मत: शंका विचारायला ठीक, प्रकरण सोपवायला नाही. ती मराठीत हिंदी वळणाची वाक्ये सहज घुसडतात आणि बरोबर असलेला तत्सम शब्दही आत्मविश्वासाने बिघडवतात. उताऱ्यांना तर हात लावू देऊच नका. तुमच्या विद्यापीठाने अशा वापराबद्दल काही नियम केले असतील तर ते आधी पाहा.

तुमचे हक्क

- विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना सांगितले की, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना परीक्षेत स्थानिक भाषेतून उत्तरे लिहू द्यावीत. तुमच्या विद्यापीठात याची अंमलबजावणी कशी आहे, हे परीक्षा विभागाला लेखी विचारा.
- पीएच. डी.च्या २०२२ च्या विनियमांनुसार प्रबंधाचे मूल्यमापन मार्गदर्शक आणि किमान दोन बाह्य परीक्षक करतात. प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत ही प्रक्रिया पूर्ण व्हावी अशी व्यवस्था विद्यापीठाने करायची असते. भाषिक दुरुस्त्या सुचवल्या असतील तर त्या पानवार आणि लेखी मागा. ‘भाषा सुधारा’ एवढ्यावर कोणालाही काम करता येत नाही.
- तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका माहिती अधिकाराखाली पाहता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. शुद्धलेखनासाठी गुण कापले असे वाटत असेल तर आधी उत्तरपत्रिका पाहा, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा.
- विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे. अक्षरांची उलटापालट आणि लेखनातल्या चुका हे काही जणांच्या बाबतीत आळसाचे लक्षण नसते. प्रमाणपत्र असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना लेखनिक मिळतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळही मिळतो. अर्ज परीक्षेच्या आधी, मुदतीत करा.

पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे द्यावी लागते आणि ती शोधगंगा या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. म्हणून परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या त्या प्रतीत उतरल्या आहेत का, हे विभागाकडे फाइल सोपवण्याआधी स्वतः पाहा. आणि लेखन अजून सुरूच असेल तर निर्णयपत्र याच आठवड्यात तयार करून मार्गदर्शकांना दाखवा.